मुद्देमाल घोडी आणि ऑफिसचा कूलर

मोहटोला वननाका, ता. सिंदेवाही
३० मे १९९८

वडीलधारे सरफराजभाई यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गुलाम रसूलचा, अदबीनं सलाम.

तुमची तब्येत, भाभींचा गुडघा आणि चिमूरचं दुकान, तिन्ही नीट चालत असतील अशी आशा करतो. (गुडघा चालत नसेल तर मोहाच्या बियांचं तेल पाठवतो. वास सहन झाला तर गुण येतो.) तुमच्या मदीहाचा दहावीचा निकाल लागला की एक कार्ड टाका. पास झाली तर मिठाई आमच्याकडून, नाही झाली तरी मिठाई आमच्याकडून, कारण ह्या उन्हात परीक्षेला बसणं हाच मोठा पराक्रम आहे. आमच्याकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी, सुलताना आणि एक घोडी. पारा सेहेचाळीसच्या खाली यायचं नाव घेत नाही. तुमच्या तीन पत्रांना माझं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही रागावले असाल, आणि ते बरोबरच आहे. पण कारण ऐकल्यावर राग राहायचा नाही, हसू येईल. हसा. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर जितके लोक हसले नाहीत तितके गेल्या चार महिन्यांत हसले, त्यात घरचं एक माणूस वाढलं तर काय बिघडतं?

गोष्ट फेब्रुवारीतली. पहाटेच्या गस्तीला मी आणि आमचा वनमजूर सुकलू नाल्याच्या काठानं चाललो होतो. सुकलू इथलाच, गोंड माणूस, पाचोळा वाजला की कोण चाललंय ते सांगतो. तो एकदम थांबला आणि म्हणाला, "साहेब, कोनी तरी येऊन राह्यलं. पाय चार हायेत." मी म्हटलं, वाघ. (म्हटलं नाही, मनात आलं.) तर धुक्यातून एक पांढरी घोडी आली, दोन्ही अंगांना सागवानाच्या फळ्या बांधलेल्या. मागे दोन माणसं होती, ती आम्हाला पाहताच बांबूत शिरली आणि गायब. घोडी मात्र सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली, जसं काही आम्हीच तिला बोलावलं होतं. आरोपी फरार, घोडी हजर. पंचनामा केला, सागवान डेपोला गेलं, आणि घोडी उरली. आता वन कायद्यात 'गुरे' ह्या शब्दात घोडासुद्धा धरलाय, तेव्हा ती मुद्देमाल झाली, आणि मुद्देमाल निकाल लागेपर्यंत सुस्थितीत ठेवायचा असा नियम. कुऱ्हाड जप्त केली तर ती कोपऱ्यात उभी राहते, चारा मागत नाही. हिचं तसं नव्हतं. वरून पत्र आलं की मुद्देमाल वनपालाच्या ताब्यात राहील आणि त्याच्या प्रकृतीस वनपाल जबाबदार राहील. वनपाल म्हणजे मी. सुकलूनं तिचं नाव ठेवलं मुद्दाबाई.

दीड महिना मुद्दाबाई नाक्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये बांधलेली होती. खायची, उभी राहायची आणि दाराला लाथा घालायची. मग तिचे मागचे पाय सुजले, आणि माझी झोप उडाली, कारण पायांची जबाबदारीसुद्धा वनपालाचीच. सिंदेवाहीहून प्रिया मॅडमना बोलावलं. ह्या जनावरांच्या नव्या डॉक्टर. वय सव्वीस-सत्तावीस, स्कूटीवर येतात, आणि बोलायला लागल्या की बैलसुद्धा कान टवकारतो. त्यांनी घोडी तपासली आणि म्हणाल्या, "हिला आजार काही नाही. उभी राहून राहून सुजली आहे. रोज कोणीतरी हिच्यावर बसा आणि फिरवून आणा." 'कोणीतरी' ह्या शब्दावर नाक्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. सुकलू म्हणाला, "मी बैलावर बसतो, मॅडम. घोडा माह्यासाठी लय उंच हाय." आमच्या लिपिकाला मूळव्याध आहे, त्यानं तिथल्या तिथे सर्टिफिकेट दाखवायची तयारी केली. तेवढ्यात सुलताना चहा घेऊन आली, सगळं ऐकलं, आत गेली आणि ट्रंकेतून आमच्या निकाहच्या दिवसाचा फोटो घेऊन आली. त्यात मी सेहरा बांधून घोडीवर बसलेलो. "ह्यांना येतं," ती म्हणाली. भाई, त्या फोटोत लगाम तुमच्या हातात आहे आणि माझे डोळे गच्च मिटलेले आहेत, पण सेहऱ्यामुळे ते कोणाला दिसले नाहीत. फोटो सगळ्यांच्या हातून फिरला आणि माझी नेमणूक झाली.

पहिल्या आठवड्यात मी तीनदा पडलो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि एकदा कुठून ते मला अजून कळलेलं नाही. पण घोडी मोठ्या मनाची. मी पडलो की थांबायची, मान वळवून बघायची आणि मी परत चढेपर्यंत जांभळाचा पाला खात उभी राहायची. गावातली पोरं आमच्यामागे यायची आणि वनखात्यानं सर्कस काढली म्हणायची. पायांची सूज मात्र उतरली. तिच्या अंगावर चमक आली आणि माझ्या पाठीत कळ आली, असा तो व्यवहार होता.

मग सोळा एप्रिल उजाडला. ह्या दिवसाबद्दल मी थट्टेनं लिहिणार नाही. त्या सकाळी तेंदूपत्त्याची मीटिंग होती, ती दहाला सुटली. म्हटलं, रोजची फेरी चुकायला नको, आणि भर उन्हात तिला तलावाच्या पाळीपर्यंत नेलं. येताना उशीर झाला म्हणून दुडकी चालवली. नाक्यावर पोचलो तेव्हा तिच्या नाकपुड्या वाटीएवढ्या झाल्या होत्या, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या चालत होत्या, मानेवरचा घाम वाळून मीठ दिसत होतं आणि चारही पाय थरथरत होते. सुकलू बादली घेऊन धावला. मी त्याच्या हातातून बादली घेतली, कारण तापलेल्या घोड्यावर पाणी पडलं तर त्याला लकवा मारतो असं मी माझ्या आजोबांकडून ऐकलं होतं. (आजोबा टेलर होते. हे मला नंतर आठवलं.) सुकलू म्हणाला, "साहेब, थे पाणी मांगून राह्यली, काऊन अडवता?" मी अडवलं. नशीब असं की मॅडम त्या दिवशी शेजारच्याच गावात लस टोचत होत्या. लिपिक मूळव्याध विसरून सायकलवर गेला आणि वीस मिनिटांत स्कूटी आली. मॅडमनी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या भरलेल्या बादलीकडे.

"ओता."

"मॅडम, लकवा..."

"लकवा तुम्हाला मारेल. ओता आधी!"

मग जो काही पाण्याचा मारा झाला! सुलताना हापशावर, दोन मजूर बादल्या वाहायला, सुकलू आणि मी ओतायला. मानेवर, छातीवर, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या मधे. अंगावर पडलेलं पाणी लगेच कोमट होत होतं, म्हणून मॅडम थांबू देत नव्हत्या, ओतत राहा म्हणत होत्या. शेपटीखाली थर्मामीटर लावला तर एकशे सहा. मॅडम म्हणाल्या, "वारा पाहिजे. पंखा आहे?" मी म्हटलं, ऑफिसात कूलर आहे. "मग तो ऑफिसात काय करून राह्यला?" चौघांनी तो लोखंडी कूलर उचलला, खिडकीतून वायर ओढली आणि तिच्या अंगावर वारा सोडला. भाई, सुरुवातीला मला माझी नोकरी दिसत होती. चौकशी, निलंबन, पेन्शन, सगळं. मग कधीतरी नोकरी दिसेनाशी झाली. मी तिच्या कानाशी उभा राहून येत होत्या तेवढ्या कुराणाच्या आयती म्हणत होतो आणि दुसऱ्या बाजूनं सुकलू त्याच्या बडादेवाला हाका मारत होता. पाऊण तासानं तिनं मान खाली घातली आणि बादलीतून एक लांब घोट ओढला. मॅडम म्हणाल्या, "आता वाचते." मी शेडमागे जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुवावं लागलं.

त्या दिवसापासून मॅडमनी कायदा लागू केला. फेरी सूर्य उगवायच्या आत किंवा मावळतीला. आल्याबरोबर अंगावर पाणी, आणि जवळ मीठ टाकलेली एक बादली, साध्या पाण्याची एक. घड्याळ घेऊन बरगडीजवळ उभं राहायचं आणि श्वास मोजायचे. शांत असताना मिनिटाला दहा-बारा असतात, त्या दिवशी नव्वद होते. आणि फेरीनंतर श्वास ताळ्यावर येईपर्यंत तिच्यापुढे कूलर लावायचा. आता कूलर रोज आत-बाहेर कोण नेणार? तो शेडमध्येच राहिला. पहिल्या दिवशी लिपिक "जरा एक सही घ्यायला" शेडमध्ये आला आणि दुपारपर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची आली. तिसऱ्या दिवशी टेबल. आठवड्याभरात टाइपरायटरसह अख्खं ऑफिस घोडीच्या शेजारी मांडलं गेलं आणि मूळ ऑफिसात फक्त कुलूप राहिलं. लिपिक टाइप करायचा आणि ओळ संपून घंटी वाजली की मुद्दाबाई कान हलवायची. अडचण एकच. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ती खायची. गवतच ते, त्यात थंड आणि सुवासिक. आम्ही नवीन ताटी लावावी आणि सकाळी तिनं निम्मी फस्त केलेली असावी. शेवटी बाहेरून लोखंडी जाळी ठोकली, तेव्हा दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. (सुलताना म्हणते की घोड्या बोलत नसतात. तिला अनुभव नाही.)

आमचे रेंजर साहेब तपासणीला आले ते ऐन दुपारी एकला. ऑफिसला कुलूप पाहून संतापले. टाइपरायटरचा आवाज ऐकत ऐकत शेडपर्यंत आले आणि दारात उभं राहून ओरडले, "शासकीय कूलर जनावरापुढे? कोणाच्या परवानगीनं?" एवढं म्हणेपर्यंत आतल्या गार वाऱ्याची एक झुळूक त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "बरं, आलोच आहे तर नोंदवह्या इथेच दाखवा." चार वाजेपर्यंत बसले. जाताना घोडीच्या मानेवर हात फिरवून म्हणाले की मुद्देमाल सुस्थितीत दिसतो.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण एकदा कौतुक झालं की माणसाला अक्कल सुचायला लागते. माझ्या मनात आलं, कूलर घोडीजवळ येतो, मग घोडीबरोबर का जाऊ नये? सिंदेवाहीला कोलू मिस्त्री म्हणून कूलर बनवणारा आहे. त्याला सगळं समजावलं. त्यानं माझ्या डोक्याकडे एकदा काळजीनं पाहिलं आणि काम घेतलं. दोन्ही अंगांना वाळ्याची एकेक ताटी, जीनच्या मागे पाच लिटरचा डबा, डब्यातून ताट्यांवर थेंब थेंब पाणी सोडायला सलाईनच्या नळ्या. मी त्याचं नाव ठेवलं चालता कूलर. वीस मेच्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्याची पहिली चाचणी घ्यायला खाकी घालून निघालो. वेशीपर्यंत सगळं ठीक होतं. पाणी ठिबकत होतं, वाळ्याचा वास दरवळत होता, घोडी खुशीत होती. आणि पलीकडच्या मोहल्ल्यात बँड वाजला.

भाई, मुद्दाबाई लाकूड वाहायच्या आधी काय करत असेल हे मला त्या क्षणी कळलं. ती लग्नाची घोडी होती! पहिल्या ढोलाबरोबर तिनं मान उचलली, दुसऱ्याबरोबर पुढचे पाय, आणि तिसऱ्याबरोबर ती मला घेऊन थेट वरातीत शिरली आणि ताशाच्या तालावर नाचू लागली. वरातीतला नवरदेव पायी चालला होता, कारण त्यांनी ठरवलेली घोडी उन्हामुळे आलीच नव्हती. वाळ्याच्या ताट्यांनी मढलेली पांढरी घोडी नाचत आलेली पाहून लोकांना वाटलं, उशिरा का होईना आली एकदाची. नवरदेवाचा मामा मला ओढून म्हणाला, "उतर बे लवकर, नवरदेवाले बसू दे!" मी म्हटलं, हा मुद्देमाल आहे. तो म्हणाला, "माल चांगलाच हाय, पन उतर!" मी म्हटलं, शासकीय आहे, खाजगी वापर चालत नाही, आधी बँड थांबवा. बँडवाले म्हणाले, मांडवापर्यंत थांबणार नाही, तसं ठरलंय. बँड थांबत नाही तोवर घोडी वळत नाही, घोडी वळत नाही तोवर मी उतरू शकत नाही, कारण उतरलो की नवरदेव चढणार. असा मी त्या मुलाच्या वरातीत मांडवापर्यंत घोडीवरून गेलो आणि नवरदेव माझ्या शेजारून चालत आला. मांडवाच्या दारात आरतीचं ताट घेऊन नवरीची आई उभी होती. बिचारीला संध्याकाळचं कमी दिसतं. तिनं घोडीवरच्या माणसाला ओवाळलं आणि कपाळावर कुंकू लावलं. मी आदरानं मान झुकवली.

बँड तरीही थांबला नसता. पण पाहुण्यांत प्रिया मॅडम होत्या. त्या नवी साडी सावरत आल्या, घोडीच्या बरगडीजवळ उभ्या राहिल्या, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पिपाणीवाल्याकडे बोट करून ओरडल्या, "बंद!" असा आवाज मी फौजदाराचाही ऐकलेला नाही. त्यांनी आधी माझा चालता कूलर काढून फेकला. ओली ताटी अंगावर चिकटून बसली की आतली गरमी आतच कोंडते, त्यापेक्षा उघडं अंग, पाणी आणि वारा बरा, असं त्यांनी सगळ्या मांडवाला समजावलं. (कोलू मिस्त्रीही जेवायला आला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.) मग वरपक्षासाठी लावलेला मांडवातला मोठा कूलर त्यांनी घोडीकडे फिरवायला लावला. वरपक्षात कुजबुज सुरू झाली. मामा तर भांडायलाच उठला. तेवढ्यात सुटाबुटात घामाघूम झालेला नवरदेव स्वतःहून उठला, घोडीच्या पलीकडे वाऱ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, इथी लय गार हाय, तुमी बी या." मग काय, मंगलाष्टकांपर्यंत अर्धी वरात घोडीभोवतीच उभी होती. लग्न चांगलं झालं. मला जेवायलाही बसवलं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. मुद्देमालाचा खाजगी समारंभात वापर का केला, सात दिवसांत खुलासा द्यावा. मी साडेतीन पानी खुलासा दिला, प्रिया मॅडमनी त्याला श्वासांचा तक्ता जोडला, आणि रेंजर साहेबांनी वर शेरा मारला की वापर वनपालानं केला नसून घोडीनं केला आहे. प्रकरण मिटलं. पण त्यात वरच्यांना घोडीची आठवण झाली. आरोपी सापडत नाहीत, मालक म्हणून कोणी पुढे येत नाही, सबब मुद्देमालाचा जाहीर लिलाव करावा असा हुकूम कालच आला. सुटलो एकदाचा. आता सकाळी निवांत झोपेन, पाठीला शेक घेईन, ऑफिस परत ऑफिसात नेईन. खूप बरं वाटतंय. इतकं बरं वाटतंय की काल जेवण गेलं नाही.

भाभींना माझा सलाम सांगा आणि मुलांच्या डोक्यावरून माझ्या वतीनं एकदा हात फिरवा.

तुमचा
गुलाम रसूल

ता. क. लिलाव मंगळवार, नऊ जूनला सकाळी अकराला, सिंदेवाहीच्या डेपोत आहे. खात्याच्या नोकराला बोली लावता येत नाही. तुम्ही खात्याचे नोकर नाही, हे काल रात्रीच माझ्या लक्षात आलं. तुमच्या दुकानामागे छपरी आहे आणि ती रिकामीच असते. मी काही सुचवत नाही. पण नागपूरचा एक विटाभट्टीवाला घोडी बघून गेला. त्यानं तिचे दात पाहिले, पाय पाहिले, सावली कुठे आहे ते एकदाही विचारलं नाही.

ता. क. दुसरा. आलात तर मला ओळख देऊ नका, मीही देणार नाही. मी डेपोच्या फाटकाशी उभा असेन. घोडीनं मात्र मला ओळख दिली तर माझा इलाज नाही.

ता. क. तिसरा. सुलतानाला ह्यातलं काही कळू देऊ नका. घोडी जाणार म्हणून ती खूश असेल, उगाच तिला त्रास नको.

भाईजान, सलाम. ह्यांनी पत्र टपालात टाकायला सुकलूकडे दिलं आणि सुकलूनं ते माझ्याकडे आणलं. तो म्हणाला, "बाई, साहेबानं लिवताना तीनदा नाक पुसलं, पाहून घ्या." वाचलं. वरातीचं सगळं खरं आहे. पण एक गोष्ट ह्यांनी गाळली. सोळा एप्रिलनंतर ह्यांची तिच्यावर बसायची हिंमत झाली नाही. पुन्हा काही झालं तर, असं म्हणतात आणि रिकिबीत पाय ठेवून परत काढतात. त्या चाचणीच्या संध्याकाळी तेवढे चढले. सोळा एप्रिलनंतर रोज पहाटे तिला मीच फिरवते. ह्यांची जुनी खाकी पॅन्ट घालते, हे लगाम धरून पुढे चालतात, सुकलू मागून. तळ्यापलीकडे कोणी नसतं, तिथे हे लगाम सोडतात. मी अजून एकदाही पडले नाही.

तिला चिमूरला नेऊ नका. सुकलूच्या वाडीत आंब्याखाली जागा तयार आहे, मॅडम पाहून गेल्या. सोमवारी संध्याकाळच्या बसनंच या, मंगळवारची बस उशिरा येते. मी बारा वर्षांची असताना तुमची सायकल मागितली होती, तेव्हा तुम्ही म्हणाला होता की मुलींना हे शोभत नाही. मी राग धरलेला नाही. फक्त मंगळवारी तो विटाभट्टीवाला बोली वाढवेल तेव्हा तुम्ही हात खाली घेऊ नका.

तुमची बहीण
सुलताना